म्हाताऱ्या नराची पाठ

"चहा दे. मांस दे. झोपायला कातडं दे. पण पाठ कशाला दाखवलीस?" सेराको भावजी आगीच्या पलीकडून ओरडत होते.

"मग काय चिखलात बसवू त्यांना?" जाऊबाईंचा आवाज त्यांच्याहून वरचा. "दारात आलेला माणूस विचारतो, बाई, कोरडी जागा कुठं आहे, तर मी काय आभाळाकडं बघत बसू?"

"विचारलं म्हणून लगेच सांगायचं?"

"नसतं विचारलं तर आधीच सांगितलं असतं!"

मी तेव्हा नवी सून होते. आमच्या यमालच्या टुंड्रात एका तंबूत दोन बिऱ्हाडं राहतात. मधे आग, अलीकडं आम्ही, पलीकडं थोरले दीर आणि जाऊबाई. थोरल्या दिरापुढं तोंड झाकायची रीत, म्हणून रुमाल पुढं ओढून मी बुटाला टाके घालत होते. कान झाकायची रीत मात्र कुणी घातलेली नव्हती. माझा नवरा पुदाको शेजारी पडून हसू दाबत होता.

भांडण होतं ते जमिनीत भोकं पाडायला आलेल्या सरकारी माणसांवरून. जाऊबाईंनी त्यांना म्हाताऱ्या नराची पाठ दाखवली होती. ही आमची वाळूची लांबच लांब टेकडी. लांबून बघितलं तर म्हातारा नर रेनडिअर पाय दुमडून बसलाय असं वाटतं. वर वारा असतो, त्यामुळं डास टिकत नाहीत. पाणी थांबत नाही. उत्तरेला जाताना आम्ही हिवाळ्याच्या सगळ्या घसरगाड्या तिथं ठेवायचो आणि परत येताना उचलायचो. जाड कातडी, हिवाळी अंगरखे, बूट, सगळं. कुलूप नाही, राखण नाही. दुसऱ्याच्या उभ्या घसरगाडीला हात लावणारा माणूस आमच्यात अजून जन्मला नाही.

ती सरकारी माणसं पाठीवर तंबू ठोकून राहिली, चार भोकं पाडली आणि निघून गेली. जाताना दोन रिकामी पिंपं टाकून गेली. त्यातल्या एका पिंपात जाऊबाई पुढं बरीच वर्षं मासे खारवत होत्या. भावजी जेवायला बसले की पिंपाकडं बोट दाखवायच्या. "खा खा. पाहुण्यांनी ठेवलेल्या पिंपातला आहे. तुमच्या भाषेत, चोरांनी."

भावजी मुकाट्यानं खायचे. भांडण जाऊबाईंनी जिंकलं होतं.

जाऊबाईंचं नाव एवाने. अंगानं माझ्यासारख्याच, म्हणजे बुटक्या. जीभ मात्र आम्हा दोघींच्या वाट्याची त्यांनाच मिळालेली. मी त्यांच्याकडून काय शिकले ते सांगत बसले तर हिवाळा संपेल. एकच सांगते, मागची फेरी. मुक्काम हलवताना तंबू उतरला, घसरगाड्या एकामागं एक बांधल्या, जनावरं जुंपली, सगळे बसले, की जाऊबाई खाली उतरायच्या. तंबू जिथं होता त्या जागेला एक फेरी मारायच्या. हाडाचा तुकडा, दोऱ्याचं टोक, मोडकी सुई, जे दिसेल ते उचलायच्या. चुलीखालचं शेवाळ उकरलं गेलेलं असेल तर पायानं दाबून नीट बसवायच्या. तोवर सगळी रांग खोळंबलेली. पुदाको दर वेळी म्हणायचा, "वहिनी, जमिनीला पावडर-बिवडर लावायची राहिलीय का?"

"तुझ्या तोंडाला लावायची राहिलीय. गप्प बस."

मग येऊन बसायच्या, आणि आम्ही निघायचो. दगडफूल एकदा तुडवलं गेलं की परत यायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. ते जनावराचं हिवाळ्याचं जेवण. म्हणून एका जागी आम्ही फार दिवस बसत नाही, आणि उठताना जागा बघून उठतो. यात काही मोठं नाही. तुम्हीही ताट उचलताना खाली सांडलेलं बघताच की.

दुसरी गोष्ट तंबूची. आमच्यात तंबू बाईचा असतो. ती शिवते, ती उभारते, ती उतरवते. त्याच्या हिवाळी आवरणाला अख्ख्या छोट्या कळपाची कातडी लागतात आणि वर्षानुवर्षं शिवण चालतं. मुलंबाळं झाल्यावर मी माझा वेगळा तंबू केला. तोवर मी जाऊबाईंच्या तंबूत होते, म्हणजे पाहुणीच. त्यांनी तसं कधी जाणवू दिलं नाही, असं म्हणणार होते, पण ते खोटं होईल. रोज जाणवू दिलं. "माझ्या तंबूत किटली अशी ठेवत नाहीत!" असं दिवसातून दहा वेळा. तंबू असलेल्या बाईचा तो हक्कच असतो.

भावजी गेले तेव्हा रीतीप्रमाणं त्यांची लाकडाची मूर्ती केली. वीतभर उंचीची, अंगात कातडी अंगरखा, डोक्याला टोपडं. ती जाऊबाईंच्या शेजारी, भावजींच्या जागी. जेवताना तिच्यापुढं घास ठेवायचा, झोपताना तिला पांघरूण घालायचं. भांडणंही चालूच होती. "अहो, बघितलंत का? धाकटी परत लाकडं ओली घेऊन आली. काय म्हणता? बोलत नाही? बरोबर आहे, बोलण्यासारखं काही नाहीच." आता दर वेळी जाऊबाईच जिंकायच्या.

आता पुढचं सांगताना माझं डोकं तापतं. तापू दे. थंडी आहे.

आमची जमीन खालून दगडासारखी गोठलेली होती. म्हणजे मी लहान होते तेव्हा होती. आता ती खालून वितळून सुटत चाललीय. जिथं आम्ही मासे धरायचो ते तळं एका उन्हाळ्यात फुटक्या मडक्यासारखं रिकामं झालं, तळाशी मासे तडफडत होते आणि समुद्रपक्ष्यांची जत्रा भरली होती. वाळुंजाची झुडपं पूर्वी घोट्याला लागायची. आता माझ्या डोक्यावरून जातात. मी बुटकी आहे ते सोडा, पुदाकोच्याही डोक्यावरून जातात, आणि त्यात जनावर शिरलं की शिंगंसुद्धा दिसत नाहीत. ऐन हिवाळ्यात पाऊस पडतो. बर्फावर पाऊस पडला की रातोरात त्याची काच होते. खाली दगडफूल, वर काच, आणि वर उभं जनावर, खुरानं खरडतंय, खरडतंय, खुरातून रक्त येईपर्यंत. अशा एका हिवाळ्यात आमचा निम्म्याहून जास्त कळप उभ्या उभ्या उपाशी मेला. जाऊबाईंनी त्या वर्षी एकाही कातड्याला हात लावला नाही. मेलेल्या हाडकुळ्या जनावराचं कातडं टिकत नाही. पण खरं कारण ते नव्हतं.

आणि या सगळ्यात गॅसवाले. त्यांचे नळ, त्यांचे रस्ते. रस्ता टाकला की खालची जमीन सुटते आणि रस्ता खचतो. मग त्यावर ओतायला वाळू हवी. वाळू काढली की ती जागा खचते. मग तिथला रस्ता खचतो. मग आणखी वाळू. हे मी दोन हिवाळे शाळेत बसून पळून आलेली बाई सांगतेय. ते शिकलेले लोक आहेत, त्यांना नक्कीच कळत असेल. मग ते थांबत का नाहीत, हे मात्र मला कळत नाही.

तर, त्या काचेच्या हिवाळ्यानंतरच्या वर्षी दक्षिणेला परतताना पाठीच्या अलीकडं आमचा मुक्काम होता. मोजणीवाले आले. दोन पुरुष आणि एक तरणी पोरगी. त्यांची साखळी-पट्ट्यांवर चालणारी गाडी चिखलात रुतलेली, बुटात पाणी, ओठ निळे. जाऊबाईंनी त्यांना आगीजवळ ओढून बसवलं. मोजे काढून वाळत घातले. चहा, सुका पाव, उकडलेलं मांस. पोरीला स्वतःचा अंगरखा दिला.

पोरगी म्हणाली, "आजी, इथं सगळीकडं जमीन सुटतेय. कुठंच पाय ठरत नाही. पक्की कोरडी जागा आहे का कुठं?"

मी जाऊबाईंकडं बघितलं. जाऊबाईंनी मूर्तीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "आहे की. म्हाताऱ्या नराची पाठ. आतून बाहेरून वाळू. कितीही सुटू दे, ती जागची हलत नाही. तिथं टाक तुझा तंबू. आमच्या घसरगाड्याही तिथंच असतात."

पोरीनं त्यांच्या गळ्यात हात टाकले. जाऊबाई मला म्हणाल्या, "बघितलंस? माझ्या सुनेनं कधी असं केलं नाही."

"तुम्हाला सून कुठाय?"

"म्हणूनच."

जाऊबाईंचा मुलगा नुमगी गावात बॉयलरवर कामाला होता. तिसऱ्या मजल्यावर राहायचा. लग्न केलं नव्हतं.

वसंतात उत्तरेला जाताना पाठीवर आम्ही नेहमीसारख्या हिवाळी घसरगाड्या लावल्या. जाऊबाईंच्या सगळ्यात टोकाला, वाऱ्याला. दोऱ्या ओढून बघितल्या, कातड्यांवर हात फिरवला आणि निघालो.

शरदात परत आलो. पुदाको सगळ्यात पुढं होता. तो थांबला. मग मी थांबले. म्हाताऱ्या नराला पाठच नव्हती. मानेपासून पुढचा भाग तेवढा शिल्लक, बाकीचा खड्डा. खड्ड्यात पाणी, काठावर बुलडोझर, आणि वाळूचे डंपर रांगेनं रस्त्याकडं चाललेले.

घसरगाड्या सापडल्या, पण खाली, पायथ्याशी. बुलडोझरनं ढकलून दिलेल्या. टायर, फाटक्या गोण्या, वायरींची भेंडोळी, आणि त्यात आमच्या घसरगाड्या. माझ्या दोन मोडल्या होत्या पण कोरड्या होत्या, त्या टायरवर पडलेल्या. जाऊबाईंच्या पार चिखलात. जाऊबाईंनी हिवाळी कातड्यात हात घातला आणि बाहेर काढला. मुठीत केसच केस. सगळं आवरण उन्हाळाभर पाण्यात कुजलं होतं. वर्षानुवर्षांचे टाके, भावजी होते तेव्हापासूनचे, हाताला नुसते लिबलिबीत लागत होते.

त्यांनी मूठ झटकली नाही. ते केस तसेच मुठीत घेऊन त्या वाळूवाल्यांच्या मुकादमाकडं, त्याच्या पत्र्याच्या डब्यातल्या कचेरीकडं, चालू लागल्या. मी मागं.

मुकादमाचं नाव गेन्नादी. माणूस वाईट नव्हता, तेच जास्त चीड आणणारं. त्यानं खुर्ची दिली. जाऊबाई बसल्या नाहीत. मूठ त्याच्या टेबलावर उघडली.

"हे काय आजी?"

"माझं घर."

तो गोंधळला. मग त्याला कळलं. "अहो, त्या गाड्या तुमच्या होत्या? आम्हाला वाटलं टाकून दिलेल्या आहेत. अख्खा उन्हाळा तिथं कुणीच नव्हतं!"

"कुणीच नसणार. ठेवल्या होत्या."

"पण राखायला कुणी नको? पाटी नको? कुलूप नको?"

"कुणापासून?" जाऊबाईंनी विचारलं.

त्यानं डोकं खाजवलं. "ताडपत्री देतो मी तुम्हाला. जाड, नवीन. दोन गठ्ठे नेऊन टाकतो तुमच्या तंबूपाशी."

"ताडपत्रीत तू झोप हिवाळ्यात. मी सकाळी येऊन तुला दगडासारखा उचलून नेते."

मला हसू आलं. जाऊबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की ते घशातच राहिलं.

"ही टेकडी का खाल्लीस?" त्यांनी विचारलं. "दुसरीकडं वाळू नाही?"

गेन्नादीनं उगाच हातातला पेला फिरवला. "आजी, रागावू नका. कागदावर तसंच होतं. मोजणीवाल्यांनी लिहून दिलं, इथं चांगली कोरडी वाळू आहे, इथल्याच लोकांनी दाखवली, त्यांची काही हरकत नाही. तुमच्यापैकीच कुणीतरी सांगितलंय त्यांना."

मला वाटलं आता त्या टेबल उलटं करतील. त्यांनी टेबलावरचे केस एकेक करून गोळा केले.

"मीच सांगितलं," त्या म्हणाल्या. "बसायला जागा दिली होती रे. खायला नव्हती दिली."

आणि निघाल्या. दारातून परत वळल्या. "आणि त्या पोरीला माझा अंगरखा परत द्यायला सांग. तेवढा एकच धड अंगरखा उरलाय माझा."

अंगरखा पोरीनं नेला होता. अजून आला नाही.

त्यांच्या उन्हाळी तंबूत आल्यावर त्या मूर्तीसमोर बसल्या. मी किटली ठेवली, माझ्या पद्धतीनं ठेवली, तरी काही बोलल्या नाहीत. मग टोपडं जरा सरळ केलं आणि म्हणाल्या, "हो. हो. बरोबर होतात तुम्ही. झालं समाधान? आता नका परत परत म्हणू." जरा थांबून, "ऐकू येतंय मला."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या मूर्तीशी हरल्या. मला गेन्नादीचा राग होता, मोजणीवाल्यांचा होता, पण सगळ्यात जास्त संताप आला तो याचा. या लोकांनी वाळू नेली ती नेली. आमच्या बाईला तिच्याच घरात भांडण हरायला लावलं. पाहुण्याला कोरडी जागा दाखवणं ही तिची चूक ठरवली. कुजलेली कातडी एक वेळ शिवून होतील, पण उद्या माझी नात दारातल्या माणसाकडं बघून आधी विचार करेल, सांगू की नको. हे कोण भरून देणार, ताडपत्रीचे किती गठ्ठे?

कातडी शिवून होणारही नव्हती म्हणा. नवं आवरण करायचं तर जनावरं कापायला हवीत, आणि काचेच्या हिवाळ्यानंतर कळप राहिला होता केवढासा. जाऊबाईंनी स्वतःच सांगितलं, "एकाही गाभण मादीला हात लावायचा नाही. माझ्या तंबूपायी कळप संपवू?" म्हणजे हिवाळी तंबू गेला. आता उरलं एवढंच, हिवाळा कुठं काढायचा.

नुमगी बर्फगाडी घेऊन आला. "आई, चल. गरम पाणी आहे. नळ सोडला की येतं."

"आग?"

"आग नाही. पण गरम असतं."

"आग नाही तर आगीचा घास कुठं टाकायचा? वडलांना कुठं बसवशील?"

"कपाटावर."

"कपाटावर!" जाऊबाई मूर्तीकडं वळल्या. "ऐकलंत? कपाटावर चढायचंय तुम्हाला. या वयात."

नुमगी रडकुंडीला आला. पोरगा चांगला आहे. "आई, मग तू राहणार कुठं? तुझा तंबूच नाही!"

हे कुणीतरी बोलायलाच हवं होतं, आणि तो बोलला. तंबू नसलेली बाई म्हणजे जन्माची पाहुणी, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

मी म्हणाले, "माझ्या तंबूत पलीकडची बाजू रिकामी आहे."

"तुझ्या तंबूत?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुझ्या तंबूत किटली कुठं ठेवतात ते माहितीय मला."

"माझ्या तंबूत माझ्या मनानं ठेवतात."

"मग मी बोलणार."

"बोला."

"रोज बोलणार."

"मला काय नवीन आहे?"

नुमगी एकटाच परत गेला. जाऊबाईंनी कुजलेल्या कातड्यांतून जे धड होतं तेवढं कापून घेतलं आणि एक लांब पट्टी शिवली. ती माझ्या तंबूला खालून, वारा शिरतो तिथं लावली. टाके माझ्यापेक्षा बारीक. अजून आहे.

शिवताना मी त्यांना विचारलं, "जाऊबाई, परत कुणी चिखलातून आलं आणि कोरडी जागा विचारली तर?"

सुई थांबली. "सांगेन."

"सांगाल?"

"सांगेन. पण आधी चार शिव्या देईन, मग सांगेन. पूर्वी नुसतंच सांगायचे." आणि दातानं दोरा तोडला.

पुढच्या मुक्कामाला त्या पोचल्या, पण तिथून निघाल्या नाहीत. छातीचं काहीतरी होतं. माझ्या तंबूत, पलीकडच्या बाजूला, आगीजवळ गेल्या. त्यामुळं पाठीपासून निघालो तो दिवस त्यांचा शेवटचा निघण्याचा.

त्या दिवशी वाळूवालेही निघत होते. वाळू संपली होती. बुलडोझर गेला, डबा गेला, शेवटचा एक डंपर खड्ड्याच्या तोंडाशी उभा होता, ड्रायव्हर चाकाचं काहीतरी बघत होता. सगळीकडं वायरी, बाटल्या, फाटके हातमोजे. मोकळी वायर जनावराच्या पायात अडकली की पाय कापून निघतो.

आमच्या घसरगाड्या बांधून झाल्या. सगळे बसले. मूर्ती जाऊबाईंच्या घसरगाडीवर, कातड्यात गुंडाळलेली. जाऊबाई खाली उतरल्या. आधी आमच्या तंबूच्या जागेला फेरी मारली, शेवाळ दाबलं. मग परत येऊन बसतील असं वाटलं, तर त्या खड्ड्याकडं वळल्या.

"वहिनी!" पुदाको ओरडला. "तो आपला मुक्काम नव्हे!"

"माहितीय!" त्या न वळता म्हणाल्या. "त्यांना फेरी मारायला कुणी शिकवलं नाही. मेल्यांच्या आया काय करत होत्या कोण जाणे."

खड्ड्याच्या काठानं त्या चालत राहिल्या. वाकायच्या, उचलायच्या, शिवी द्यायच्या, पुढं जायच्या. प्रत्येक वायरीला वेगळी शिवी. वारा आमच्याकडंच होता, सगळ्या ऐकू येत होत्या, काही मला नवीन होत्या. ओचा भरला तेव्हा ड्रायव्हरनं मान वर केली.

"काय हरवलं, आजी?"

"माझं नाही. तुमचं राहिलं." त्यांनी ओचा त्याच्या डंपरच्या पायरीवर रिकामा केला. वायरी, हातमोजे, एक मोडका कंगवा. "ने."

जाऊबाई उरलेल्या काठाकडं वळल्या. रांग खोळंबली होती. जनावरं पाय आपटत होती. पुदाकोनं उतरून पुढच्या जनावराचा दोर धरला.

जाऊबाईंनी फेरी पूर्ण केली, शेवटी पायानं थोडी वाळू सारखी केली, आणि येऊन बसल्या.